विहीणबाईंच्या भिंतीवरची वंशावळ आणि बॉस्टनचं वाचनालय

बॉस्टनमध्ये न्यूबरी स्ट्रीटवर न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी नावाची संस्था आहे. १८४५ साली निघालेली. घराण्यांच्या वंशावळी शोधायच्या, तपासायच्या आणि जपून ठेवायच्या, हेच तिचं काम. यंदा लेकीकडे फ्रेमिंगहॅमला सहा महिने राहिले, त्यातले अकरा दिवस मी या संस्थेच्या वाचनालयात काढले. आपल्याकडे आता बऱ्याच घरांत अमेरिकन सून किंवा जावई आहे. त्यांच्या मुलांना दोन्हीकडची मुळं कळावीत असं वाटणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

माझी थोडी ओळख द्यायला हवी. सातारच्या भूमी अभिलेख कार्यालयात मी ३१ वर्षं नोकरी केली आणि अभिलेखपाल म्हणून निवृत्त झाले. फेरफार, वारसनोंदी, मोडीतल्या जुन्या वह्या यांतच आयुष्य गेलं. त्यामुळे कोणी "आमचं घराणं अमक्यापासूनचं" म्हणालं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, नोंद कुठे आहे?

आमच्या विहीणबाई केप कॉडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या लांब पट्टीच्या, वाटेवर एका लहान गावात राहतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत बसवलेली मोठी वंशावळ आहे. वर 'मेफ्लॉवर' जहाजाचं चित्र, म्हणजे १६२० साली इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेत प्लिमथला घेऊन आलेलं जहाज, त्याखाली त्यातून आलेला स्टीफन हॉपकिन्स, आणि खाली उतरत उतरत बाराव्या पिढीला विहीणबाई. सहा वर्षांपूर्वी एका संकेतस्थळाला ४०० डॉलर देऊन त्यांनी ती करून घेतली होती. आमची नात नऊ वर्षांची. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने त्या वंशावळीचा फोटो काढला आणि मला विचारलं, "आज्जी, ग्रॅमाकडे चारशे वर्षांची नावं आहेत. तुझ्याकडे किती?" मी तिला नाशिकच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीबद्दल सांगितलं. माझे वडील आजोबांच्या अस्थी घेऊन गेले होते तेव्हा त्या वहीत त्यांनी स्वतः सही केली होती, आणि त्यांच्या सहीवर त्यांच्या चुलत्यांची सही होती. नातीला ते फार आवडलं. मग ती म्हणाली, "ग्रॅमाच्या लोकांनी कुठे सही केली?"

त्या प्रश्नावर विहीणबाई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. भिंतीवरच्या कागदावर नावं होती, सालं होती. ती कशावरून लिहिली याचा एकही आधार कुठे दिलेला नव्हता.

विहीणबाईंना ही वंशावळ 'जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्स'कडे नातीच्या नावाने द्यायची होती. १८९७ साली स्थापन झालेली ही सोसायटी प्लिमथला आहे आणि तिचा नियम कडक आहे. प्रत्येक पिढीला जन्म, लग्न, मृत्यू यांचा पुरावा लागतो. पहिल्या पाच पिढ्यांचं काम सोसायटीने स्वतःच करून ठेवलं आहे. चंदेरी बांधणीच्या ग्रंथांची एक मोठी मालिकाच आहे आणि तिचा सहावा खंड या स्टीफन हॉपकिन्सच्या वंशाचा. पाचव्या पिढीच्या पुढचं मात्र ज्याचं त्याने सिद्ध करायचं. म्हणून जावयांनी मला आणि त्यांच्या आईला एका सकाळी गाडीत बसवून दिलं. फ्रेमिंगहॅमहून रेल्वेने बॅक बे स्टेशन, तिथून चालत न्यूबरी स्ट्रीट.

वाचनालयाबद्दल पहिली गोष्ट म्हणजे तिथे कोणी घाई करत नाही. मदतीच्या टेबलावरच्या बाईंनी आमची चौकट, म्हणजे तिचा मोबाइलवरचा फोटो, पाहिला आणि एकही शेरा न मारता विचारलं, "यातलं तुम्हाला स्वतःला खात्रीने काय माहीत आहे?" विहीणबाईंनी आपले आईवडील आणि आजीआजोबा सांगितले. बाई म्हणाल्या, "मग तिथून वर जाऊ या. वरून खाली यायचं नाही." आमच्याकडे नव्या कारकुनाला हेच शिकवतात. आजच्या कब्जेदारापासून एकेक फेरफार मागे जायचं. शिवाजी महाराजांपासून सुरुवात करून आपल्या सातबाऱ्यावर येता येत नाही.

तरीही पहिल्या दिवशी आम्ही स्टीफन हॉपकिन्सचंच पान काढलं, कारण विहीणबाईंना राहवेना. आणि त्याच दिवशी चौकटीची वरची ओळ गेली.

चौकटीत लिहिलं होतं: स्टीफन हॉपकिन्स, ग्लॉस्टरशरमधल्या वॉर्टलीचा, बायको कॉन्स्टन्स डडली. बरीच वर्षं खूप ठिकाणी हेच छापलं जात होतं. १९९८ साली कॅलेब जॉन्सन या संशोधकाने दाखवून दिलं की हा माणूस हॅम्पशरमधल्या हर्स्ली गावचा. कसं शोधलं ते वाचून मी थक्क झाले. स्टीफन हॉपकिन्स हे नाव इंग्लंडात पुष्कळांचं, त्यामुळे नुसत्या नावाने काही हाती लागत नाही. पण मेफ्लॉवरवर त्याच्याबरोबर आधीच्या बायकोची दोन मुलं होती, कॉन्स्टन्स आणि जाइल्स. ही दोन नावं एकाच घरात, योग्य वयाची, आणि बाप स्टीफन. अशी जुळणी हर्स्लीच्या चर्चच्या वहीत सापडली. कॉन्स्टन्सचा बाप्तिस्मा ११ मे १६०६, जाइल्सचा ३० जानेवारी १६०७/८. आईचं नाव मेरी. कॉन्स्टन्स डडली कुठेच नाही. पुढे स्टीफनचा स्वतःचा बाप्तिस्माही मिळाला, त्याच परगण्यात अपर क्लॅटफर्डला, ३० एप्रिल १५८१. इंग्लंडात चर्चच्या अशा वह्या ठेवायचा हुकूम १५३८ सालचा, म्हणून एवढं मागे जाता येतं.

एका नावावर विसंबायचं नाही, आख्खं कुटुंब जुळवायचं, हे मला ओळखीचं होतं. एका गावात चार 'रामचंद्र बिन गणू' असतात. कोणता रामचंद्र ते त्याच्या भावांवरून आणि बांधाशेजाऱ्यांवरून ठरतं.

१६०७/८ हे साल पाहून विहीणबाई गोंधळल्या. त्यांच्या चौकटीत सरळ १६०७ होतं. इंग्लंडात आणि त्यांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे ३० जानेवारी हा त्यांच्या हिशेबाने अजून १६०७, आपल्या हिशेबाने १६०८. म्हणून दोन्ही लिहितात. हे मला समजायला क्षणही लागला नाही, कारण आपला शकही चैत्र पाडव्याला बदलतो आणि शकाचा इसवी सन काढताना पौष-माघातल्या तारखांना ७८ मिळवायचे की ७९ हे नेहमी पाहावं लागतं. पाडवाही मार्चच्या शेवटाजवळच येतो. मी कागदावर दोन्ही वर्षांच्या पट्ट्या काढून विहीणबाईंना समजावलं. पुढे त्यांनी स्वतः चौकटीतल्या चार तारखा दुरुस्त केल्या. एके ठिकाणी तर मूल आईबापांच्या लग्नाआधी दहा महिने जन्मलेलं दिसत होतं. ते याच चुकीमुळे.

संस्थेचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे 'ग्रेट मायग्रेशन' प्रकल्प. १६२० ते १६४० या काळात सुमारे २०,००० इंग्रज न्यू इंग्लंडात, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, आले. त्यांतल्या एकेका कुटुंबाचा पुराव्यासह गोषवारा करायचा, असं काम रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी १९८८ मध्ये हाती घेतलं. १६३३ पर्यंत आलेल्यांचे पहिले तीन खंड १९९५ साली निघाले. मला त्या गोषवाऱ्याचा नमुनाच आवडला. प्रत्येक माणसाला तेच ठरलेले रकाने: मूळ ठिकाण, कधी आला, पहिल्यांदा कुठे राहिला, मग कुठे हलला, धंदा, चर्चचं सभासदत्व, शिक्षण, भूषवलेली पदं, मालमत्ता, जन्म, मृत्यू, लग्न, मुलं, कोणाकोणाशी संबंध. शिक्षणाच्या रकान्यात सही करायचा की खूण करायचा तेही असतं. गाव नमुन्यांत काम केलेल्या माणसाला हे पान घरचं वाटतं. आणि कितीतरी जणांच्या मूळ ठिकाणापुढे एकच शब्द असतो: अज्ञात. एवढी वर्षं शोधून 'अज्ञात' छापणाऱ्या पुस्तकावर माझा विश्वास लगेच बसला. विहीणबाईंच्या चौकटीत एकही अज्ञात नव्हता.

एक सावधगिरी मात्र सांगते. १९९५ च्या खंडात १९९८ चा शोध असणं शक्यच नाही. तेव्हा एक जुनं पुस्तक पाहून थांबू नका, नंतरच्या आवृत्त्या आणि नियतकालिकं पाहा. संस्थेचं 'रजिस्टर' हे नियतकालिक १८४७ पासून चालू आहे.

हर्स्लीच्या त्या मेरीबद्दल मला इथेच सांगायचं आहे. ९ मे १६१३ ला तिला पुरल्याची नोंद आहे. तिच्या मागे उरलेल्या चीजवस्तूंचा कागद झाला, त्यात तिला विधवा म्हटलं आहे. नवरा तर जिवंत होता. १६०९ मध्ये तो 'सी व्हेंचर' जहाजातून व्हर्जिनियाला निघाला, जहाज बर्म्युडाच्या बेटांवर आपटलं, तिथे त्याच्यावर बंडाचा खटला होऊन फाशीची शिक्षा झाली, गयावया केल्यावर सुटला, आणि बहुतेक सगळे नव्या बांधलेल्या दोन जहाजांतून १६१० मध्ये जेम्सटाउनला पोचले. मागे हर्स्लीत तीन मुलं घेऊन राहिलेल्या बाईला लोकांनी विधवा धरलं आणि ती तशीच गेली. विहीणबाई हे वाचून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भिंतीवर हिचं नावच नाही." तिच्या जागी भलतीच, कधी नसलेली डडली होती.

तिसऱ्या दिवशी मी स्टीफनचं मृत्युपत्र वाचलं. ६ जून १६४४ चं. साक्षीदार माइल्स स्टँडिश आणि विल्यम ब्रॅडफर्ड, म्हणजे वसाहतीचा कप्तान आणि गव्हर्नर राहिलेला माणूस. मी मोठमोठ्या शब्दांची तयारी ठेवून बसले होते, आणि समोर आल्या गाई. जाइल्सला मोठा बैल, जो तेव्हा मिसेस वॉरन यांच्याकडे होता. जाइल्सच्या मुलाला त्या बैलाच्या भाड्याचे त्यांच्याकडे बाकी असलेले वीस शिलिंग. कॉन्स्टन्सला घोडी. धाकट्या मुलींपैकी डेबोराला रुंद शिंगांची काळी गाय, तिचं वासरू आणि 'मॉटली' नावाच्या गाईचा अर्धा हिस्सा. मॉटलीचा दुसरा अर्धा डॅमरिसला. रूथला 'रेड कोल' गाय आणि वासरू. एलिझाबेथला 'स्मायकिन्स' गाय, आणि एक शेपूट नसलेली कालवड.

हे मी लेकीला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा माझा आवाज भरून आला. मॉटली म्हणजे आपली कबरी. शेपूट नसलेली म्हणजे बांडी. माझ्या आजोळी वाटणी झाली तेव्हा मामांनी कागदावर असंच लिहिलं होतं, 'बांडी गाय थोरल्याकडे, कबरीचं दूध दोघांत.' समुद्रापलीकडे माणसं कमी, जनावरं त्याहून कमी, एकेक गाय नावाने ओळखली जायची आणि अर्धी अर्धी वाटली जायची. १६२७ मध्ये प्लिमथची सगळी गुरं वाटली तेव्हा माणसांचे तेरा-तेरांचे बारा गट केले होते. त्या यादीत बायका, लेकरं सगळ्यांची नावं आहेत, म्हणून आज तीच त्या गावाची जवळजवळ शिरगणती ठरते. गुरांच्या वाटपामुळे माणसांची नोंद राहिली.

त्या काळचं हस्ताक्षर वाचणं हे वेगळं काम आहे. छापील प्रत असते, पण मूळ कागदाची प्रतिमा पाहायचीच असं मी ठरवलं होतं. या वळणाला सेक्रेटरी हँड म्हणतात. त्यातला 'ई' उलटा फिरवल्यासारखा, 'सी' पाहून 'आर' वाटतो, 'एच'ची शेपटी ओळीखाली लोंबते, मोठा 'एफ' म्हणजे दोन छोटे 'एफ'. पहिल्या दिवशी मला दोन ओळीही लागल्या नाहीत. मग मोडीला जे केलं होतं तेच केलं. खात्रीचा एक शब्द शोधायचा, उदाहरणार्थ माणसाचं नाव, त्यातली अक्षरं कागदावर उतरवून घ्यायची आणि त्या किल्लीने बाकीची उघडायची. विहीणबाईंच्या वहीत मी त्यांच्यासाठी अक्षरांचा तक्ता करून दिला. त्यांना 'हर काऊ' हे दोन शब्द स्वतः वाचता आले तेव्हा त्यांनी माझा हात दाबला.

आता खरी अडचण. स्टीफनपासून कॉन्स्टन्स, तिचा नवरा निकोलस स्नो, आणि पुढे केप कॉडवरच्या ईस्टहॅमची पाचवी पिढी, हे सगळं त्या सहाव्या खंडात पक्कं होतं. कॉन्स्टन्सला बारा मुलं आणि बाराही जिवंत, असं ब्रॅडफर्डने स्वतः लिहून ठेवलं आहे. इकडून विहीणबाईंपासून वर गेलं की मेन राज्यातल्या एका शेतकऱ्यापर्यंत कागद मिळत होते. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म-मृत्यूच्या राज्यभर नोंदी १८४१ पासून आहेत, त्याआधीच्या गावोगावच्या, आणि १८५० पर्यंतच्या कित्येक गावांच्या नोंदी पुस्तकरूपाने छापलेल्या आहेत. मध्ये सातव्या पिढीत भोक होतं. केपवरची बरीच कुटुंबं अठराव्या शतकाच्या शेवटी मेनला गेली. त्यांतल्या एकाच्या बायकोचं नुसतं पहिलं नाव थडग्यावर होतं. चौकटीत तिच्या नावापुढे ठामपणे 'स्नो' लिहिलं होतं. ही बाई स्नो असेल तरच वंश हॉपकिन्सपर्यंत पोचतो. नसेल तर वरच्या सहा पिढ्या दुसऱ्या कोणाच्या.

मी विहीणबाईंना ती चौकट करून देणाऱ्यांना पत्र लिहायला लावलं. उत्तर आलं की त्यांच्या सदस्यांच्या वंशावळींत तसंच आहे. म्हणजे एकाने लिहिलं आणि चाळीस जणांनी उतरवून घेतलं. चाळीस नकला म्हणजे चाळीस पुरावे होत नाहीत. ४०० डॉलर घेऊन एवढंही तपासलं नाही याचा मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. म्हाताऱ्या माणसाने हौसेने भिंतीवर लावलेली वस्तू आहे ती.

केपवर आणखी एक संकट आहे. १८२७ साली बार्न्स्टेबलच्या कचेरीला आग लागली आणि जमिनीच्या खरेदीखतांच्या जवळजवळ सगळ्या वह्या गेल्या. हे कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आमच्या रेकॉर्डरूममध्ये एकदा पावसाचं पाणी शिरलं होतं. रात्री दोन वाजता आम्ही दप्तरं उचलून माळ्यावर टाकली होती.

पण वारसाहक्काचे पुष्कळ कागद आगीतून वाचले होते. मदतीच्या टेबलावरच्या बाईंनी आम्हाला सांगितलेलं एक वाक्य मी जन्मभर लक्षात ठेवीन: "बाईला शोधू नका, तिच्या वडिलांच्या मरणाचे कागद शोधा." लग्न झालेल्या बाईच्या नावावर तेव्हा तिथे सहसा काही नसायचं, ती नवऱ्याच्या नावाखाली जायची. पण बाप मेला की मुलींचे हिस्से लिहावे लागायचे आणि जावयाचं नाव घालावं लागायचं. आम्ही ईस्टहॅम आणि आजूबाजूच्या गावांतल्या स्नो आडनावाच्या मेलेल्या माणसांची यादी केली. एकेकाच्या कागदांच्या प्रतिमा संगणकावर उघडल्या. सतरा माणसं झाली. अठराव्याच्या कागदांत चिठ्ठीएवढी एक पावती होती. मेनमधल्या अमक्या गावचा अमका, याने बायकोच्या वडिलांच्या मालमत्तेतला तिचा हिस्सा मिळाल्याचं लिहून दिलेलं. खाली त्याची सही. सहीच्या बाजूला तिचं नाव, नावाच्या मध्ये फुलीची खूण, आणि खुणेभोवती कारकुनाने लिहिलेलं 'तिची खूण'.

फुलीचा एक पाय लांब होता आणि टोकाला शाई पसरली होती. टाक जास्त दाबला असणार. आमच्याकडे हजारो अंगठे पाहिले आहेत मी, कोणता शेतात राबणाऱ्याचा ते रेघांवरून कळायचं. विहीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललंच नाही. ही त्यांच्या आजीच्या आजीची आई, आणि तिने सही केली होती. नातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

म्हणजे चौकटीतलं 'स्नो' बरोबरच निघालं. पण बरोबर निघालं म्हणून त्यांनी ते बरोबर केलं होतं असं मी मानत नाही.

एक गोष्ट मला विहीणबाईंना सांगावी की नाही असं वाटत होतं. १६३८/३९ च्या फेब्रुवारीत स्टीफन हॉपकिन्सला प्लिमथच्या न्यायालयाने कोठडीत टाकलं होतं. त्याच्याकडे डॉरथी टेंपल नावाची मोलकरीण कराराने राहत होती. ती गरोदर राहिली. मुलाचा बाप आर्थर पीच, त्याला आदल्या सप्टेंबरात एका मूळनिवासी माणसाच्या खुनासाठी फाशी झाली होती. हॉपकिन्सने तिला आणि बाळाला घरात ठेवायला नकार दिला. तिच्या कराराची दोनेक वर्षं बाकी होती, तोपर्यंत तिची जबाबदारी त्याचीच, असं न्यायालयाने म्हटलं. त्याने ऐकलं नाही म्हणून कोठडी. चार दिवसांनी जॉन होम्स याने तीन पौंड घेऊन तिला आपल्याकडे नेलं आणि हा सुटला. ज्याला स्वतःला बर्म्युडावर गयावया करून जीवदान मिळालं होतं, त्याने हे केलं.

मी मूळ निकालाची छापील प्रत विहीणबाईंसमोर ठेवली. वारसनोंद करताना सोयीचं तेवढंच लिहायचं नाही, हे मी नोकरीत पाळलं, इथे कसं मोडायचं? त्यांनी दोनदा वाचलं. घरी गेल्यावर त्यांनी चौकट भिंतीवरून उतरवली, मागचा पुठ्ठा काढला आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलने दोन नावं लिहिली: मेरी, हर्स्ली, १६१३. डॉरथी टेंपल, १६३९.

आणखी एक, माझ्या खात्यातलं. फेरफाराच्या नोंदीत जमीन आधी कोणाकडे होती ते लिहावं लागतं. हॉपकिन्सची लेक जिथे नांदली त्या ईस्टहॅमच्या जागेवर आधी नॉसेट नावाचे मूळनिवासी लोक राहत होते, ते ठिकाणही त्यांच्याच नावाने ओळखलं जायचं. १६२१ च्या मार्चमध्ये सॅमोसेट नावाचा मूळनिवासी वसाहतीत आला तेव्हा त्याची रात्रीची सोय हॉपकिन्सच्याच घरी केली होती. नातीच्या प्रकल्पात आम्ही नॉसेट लोकांची ही नोंद पहिल्या ओळीत घातली.

आता उपयोगाचं. वाचनालयाला जायच्या आधी संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत पाहुणा-खातं काढा, थोड्या नोंदी त्यावर दिसतात. पूर्ण खजिना वार्षिक सदस्यत्वावर उघडतो. विहीणबाईंनी ते घेतलं आणि माझ्या मते ते पैसे वसूल झाले, कारण चंदेरी ग्रंथांतल्या नोंदीही घरबसल्या शोधता येतात. 'फॅमिलीसर्च' हे मोफत संकेतस्थळ सोबत वापरा, मॅसॅच्युसेट्सच्या जमिनीच्या आणि वारसाच्या वह्यांच्या पुष्कळ प्रतिमा तिथे आहेत. त्यातल्या ज्या नावाने शोधून सापडत नाहीत, त्यांचं पान पान उलटावं लागतं. उलटा. हस्तलिखितं बघायची असतील तर पेन्सिल न्या. वाचायला भिंग न्या. आजीआजोबांच्या दोन पिढ्यांचे दाखले आधीच गोळा करून न्या, म्हणजे पहिला दिवस वाया जात नाही. तुमच्या सुनेचं घराणं व्हर्जिनियाचं असेल तर मात्र आधी तिकडच्या संस्था गाठा. इथलं बळ न्यू इंग्लंडचं आहे.

मला वाचनालयात सगळ्यांत मोलाची वाटली ती माणसं. साडी नेसून आलेली, इंग्रजी अडखळत बोलणारी मी, माझा त्या वंशाशी रक्ताचा संबंध नाही, तरी "तुम्ही कोण?" असं मला अकरा दिवसांत कोणी विचारलं नाही. उलट मोडीच्या वह्या कशा असतात ते त्यांनी विचारलं आणि मी माझ्या मोबाइलमधला एका जुन्या पानाचा फोटो दाखवला तर तिघं जमा झाले.

मी मेमध्ये परत सातारला आले. सोसायटीचा अर्ज विहीणबाईंनी जूनमध्ये पाठवला. त्यात सातव्या पिढीला ती पावती जोडली आहे. जुनी चौकट अजून उतरवलेलीच आहे. नवी वंशावळ नात स्वतः हाताने लिहिते आहे आणि प्रत्येक नावाखाली कागद कुठे मिळाला ते लहान अक्षरात घालते आहे. विहीणबाई पुढच्या वसंतात इंग्लंडला जाणार आहेत. हर्स्लीचं चर्च पाहायचं आहे आणि विंचेस्टरच्या अभिलेखागारात मेरीच्या चीजवस्तूंची यादी मिळते का ते बघायचं आहे. परवा त्यांचा फोन आला होता, अक्षरांचा तक्ता कुठेतरी हरवला म्हणून. काल मी नवा करून पाठवला. या वेळी 'एच'ची शेपटी जरा मोठी काढली आहे.